चार दशांश मिलिमीटरची माता

आमच्या कारखान्यानं वीस वर्षं अशा बेस गिटारी बनवल्या की लोकांनी वल्हं म्हणून वापरल्या, तरी तक्रार आलीच. मग म्हाताऱ्या मालकांचा नातू लुडोविको गादीवर बसला आणि म्हणाला, "आता पुन्हा दर्जा! चौसष्ट सालचा!" तो दर्जा कुठे ठेवलाय, हे कुणालाच आठवेना.

इटलीतल्या आमच्या कास्तेलफिदार्दो गावात चौसष्टची एकच गिटार उरली होती, नाझ्झारेनोकाकांची. काकांनीच ती आमच्या कारखान्यात घडवलेली, अकॉर्डियनच्या उरलेल्या शिंपलीरंगी सेल्युलॉइडनं मढवलेली. गाव अकॉर्डियनवाल्यांचं, इथे शवपेटीही तशी मढवून मिळेल. दर रविवारी चर्चच्या सभागृहात नाच व्हायचा आणि काका ती वाजवायचे.

"रविवारच्या आत परत हवी," काका म्हणाले.

"शुक्रवारी देतो, काका," लुडोविको म्हणाला.

"तुझे आजोबाही असंच म्हणाले होते. माझी सायकल अजून यायचीय."

मापं घ्यायला मी गिटारीची मान सोडवली. मान बसते त्या खाचेत लोरेतोच्या तीर्थातल्या मेरीमातेचं छोटं कागदी चित्र निघालं, घडी घातलेलं.

"हे काय, काका?"

"खाच जास्त खोल गेली, दुसरं काय! त्याच सकाळी एर्सिलिया लग्नाला हो म्हणाली होती. हात कुठे ठिकाणावर? खिशात माता होती, तीच खाली सारली. साठ वर्षं त्या चार दशांश मिलिमीटरवर गिटारही उभी आहे आणि संसारही."

लुडोविकोचे डोळे पाणावले. त्यानं आराखड्यात लिहिलं : खाच मुद्दाम चार दशांश जास्त खोल, मग माता. लोरेतोहून पाचशे चित्रं आली. तिथल्या दुकानदाराला वाटलं, जगात श्रद्धा परतली.

हुबेहूब चार प्रती झाल्या, काकांच्या गिटारीवरल्या सिगारेटच्या डागासकट. डागांसाठी मला, सिगारेट न ओढणाऱ्याला, दोन पाकिटं संपवावी लागली. शुक्रवारी लुडोविकोनं काकांची गिटार स्वतःच्या हातानं जोडली, पाचही रांगेत लावल्या, कौतुकानं मागे-पुढे केल्या, आणि मग त्यालाच कळेना काकांची कुठली.

"तू तपास," तो मला म्हणाला. "जी अस्सल, ती पास होणारच."

चार पास झाल्या. पाचवीची मान चार दशांश खाली. मी तापलेल्या लोखंडानं पाठीवर 'नापास' डागलं. नापास माल बाजारात स्वस्तात जाऊ नये म्हणून करवतीनं कापायचा, हा आमचा नियम. तपासनीस मी आणि करवतवालाही मीच; दर्जा परवडायला हवा ना. करवत सुरू केली, तेवढ्यात काका आले.

"माझी द्या."

"चारांतली कुठलीही घ्या, काका. सगळ्या अस्सलच!" लुडोविको म्हणाला.

"बायकोही अशीच निवडलीस का रे?"

माझ्या डोक्यात मात्र ते चार दशांश अडकले होते. समोर भिंतीवर सोनेरी चौकट होती : 'आमचा वारसा'. आत लोरेतोची माता, घडीच्या खुणांसकट.

"साहेब, ही पाचशेतलीच ना?"

"छे! काकांच्या गिटारीतून काढलेली. वारसा लाकडाखाली दडपायचा का?"

मी करवत बंद केली. काकांनी तिच्याखालची गिटार उचलून छातीशी धरली, मग हातोडी मागितली. चौकट पहिल्या घावातच फुटली. तीही आमच्याच कारखान्याची होती. माता खाली सारली, मान कसली. मी मोजलं. पास.

पाठीवरचा 'नापास' मात्र जाणार नव्हता. रविवारी काका गिटार गळ्यात अडकवताना एर्सिलियाकाकूंनी तो वाचला.

"नापास! मी साठ वर्षं हेच सांगतेय. कारखान्याला आज उजाडलं."

आणि काकू सगळ्यांच्या आधी नाचायला उतरल्या.

नाच संपल्यावर लुडोविको कोपऱ्यात टेकवलेल्या गिटारीच्या पाठीचा फोटो काढत होता. सोमवारी आराखड्यात भर पडली. आता प्रत्येक गिटारीवर 'नापास' डागतात, आणि ज्यांच्यावर ते नीट उमटत नाही, त्या मी नापास करतो.