करंगळी सुटेपर्यंत

मित्रांनो, जरा हळू बोला. मी एक जुना, फुगीर पाठीचा टीव्ही आहे आणि खरं सांगायचं तर फार थकलो आहे. बालीतल्या एका गावात, रिंतेन आजींच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मी पडून असतो. डोक्यावर कोंबडीची टोपली असते.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! लोखंडी वस्तू पुजायच्या दिवशी माझ्यापुढेही फुलांचं पान ठेवायचे. आजी तेव्हा देवळात लेगोंग, म्हणजे थरथरत्या सुट्या बोटांचा नाच, नाचायच्या. त्या नाचाची एकुलती एक कॅसेट मीच साऱ्या शेजाराला दाखवली. मग त्यांच्या मुलानं, न्योमाननं, भलामोठा सपाट टीव्ही आणला आणि माझं पान त्याच्यापुढे गेलं.

यंदा देवळाच्या उत्सवात नात आयुनी नाचणार होती. आजींचे हात आता लुळे पडलेत, म्हणून पोरगी नव्या टीव्हीवर कॅसेट बघून शिकली. तिचा नाच पाहून आजी चिडल्या.

"बोटं चिकटवून काय नाचतेस गं? भात कालवतेयस का?"

"आजी, तूच अशी नाचलीयस. कॅसेटमध्ये बघ ना."

आजींनी बघितलं. पडद्यावर पंजा म्हणजे नुसता पिठाचा गोळा. जन्मभर आपण चुकीचं नाचलो आणि लोक तोंडावर गोड बोलले, असं त्यांच्या मनानं घेतलं. जेवल्या नाहीत. पोरीला नाचातून काढ, असं न्योमानला सांगून मोकळ्या झाल्या.

आयुनीला मात्र लहानपणी माझ्यावर पाहिलेली बोटं आठवत होती. तिनं टोपली उतरवली, मला पुसलं, कॅसेट लावली. मी घरघरलो. चित्र आलं आणि माझ्या काचेवर तरुण आजींची बोटं थरथरू लागली, एकेक सुटं.

यात माझी हुशारी कसली? त्या कॅसेटमध्ये चित्राच्या रेघाच मोजक्या. माझी काच लहान, मी त्या आल्या तशा काढतो. नव्याला त्याच रेघा ताणून लाखो ठिपके भरावे लागतात. मधलं तो अंदाजानं भरतो, आणि बोटं हलली की सगळं एकमेकांत मिसळतं. आजकालचं बारीक चित्र असेल तर मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

आजी काचेला नाक लावून बसल्या होत्या. "नीटच नाचले होते की गं मी," म्हणाल्या आणि रडल्या.

मित्रांनो, जुनं चित्र बिघडलेलं दिसलं तर कॅसेट फेकू नका, त्यातल्या माणसाला तर दोष देऊच नका. आधी पडदा बदलून बघा. माझी चित्राची नळी आता विझत आली आहे. तरी उत्सवात नाचायचं म्हणून आयुनी रोज कॅसेट लावते आणि मी कण्हत उजळतो. तिची करंगळी अजून चिकटते. ती सुटली की मला खुशाल बंद करा.