सत्तावीस नंबरचा मीटर

रविवारी घर बघायला येणारी माणसं धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचायची, दारात उभं राहून आधी श्वास घ्यायची आणि मग विचारायची, "लिफ्ट नाही का?" रीडिंगकाका दर वेळी एकच उत्तर देत, "नाही, पण हवा छान येते." तोवर पाहुण्यांची नजर खिडकीजवळच्या खुर्चीतल्या काकूंवर गेलेली असे. काकूंचा खुबा कामातून गेला होता. त्या शेवटचं जिना उतरल्या त्याला सात महिने झाले होते. ज्या कारणासाठी हे घर विकायचं होतं, नेमक्या त्याच कारणासाठी ते कोणी घेत नव्हतं.

"मला आतल्या खोलीत बसवत जा हो," पाहुणे गेले की काकू म्हणत. "मला बघितलं की त्यांना स्वतःचं म्हातारपण दिसतं. गिऱ्हाईक पळतं."

"तू घराबरोबर मिळणार नाहीस, हे मी आधीच सांगून टाकतो."

"सांगत जा. नाहीतर भाव आणखी पडायचा."

दोघंही थोडं हसत. हा विनोदही आता वर्षभर वापरून झिजला होता.

रीडिंगकाका हे नाव त्यांना नोकरीने दिलेलं. चौतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीसाठी घरोघरचे मीटर वाचले. कोणाकडे पाहुणे आलेत, कोण गावाला गेलंय, कोणाच्या घरी रात्रभर दिवा जळतोय, हे त्यांना दार न ठोठावता कळे. माणूस काहीही सांगेल, आकडा खोटं सांगत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे निवृत्तीनंतरचा बेतही त्यांनी आकड्यांवरच आखला होता.

शहराच्या कडेला एक कंपनी ज्येष्ठांसाठी वसाहत बांधत होती. लिफ्ट, रुंद दारं, न्हाणीघरात धरायला दांडे, उशाशी बटण दाबलं की नर्स. तिथे घर विकत मिळत नाही, मोठी ठेव भरून राहायचा हक्क मिळतो. काकांनी दुसऱ्या इमारतीतल्या सत्तावीस नंबरच्या घरासाठी टोकन भरलं. बाकीची ठेव राहतं घर विकलं की भरायची. उरला भविष्यनिर्वाह निधी. त्याचं काय करायचं हे सांगायला छोटू आला.

छोटू म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, टक्कल पूर्ण, तरी घरात अजून छोटूच.

"हे बघा भाऊजी," त्याने टेबलावर बिस्किटं मांडून समजावलं, "म्हातारी माणसं कमी होणार आहेत का? नाही. घरांचे भाव चढले की वसाहतीची ठेवही चढते. जुना माणूस गेला की कंपनी त्याच्या मुलांना जुन्या भावाने ठेव परत करते, तीही चौथा हिस्सा कापून. आणि नव्या माणसाकडून घेते नव्या भावाने. मधला फरक कंपनीचा. तुम्ही शेअर घेतलेत, म्हणजे तुमचा."

"जुना माणूस गेला की म्हणजे? मेला की?" काकूंनी विचारलं.

"ताई, धंद्यात असं बोलत नाहीत."

"मग कसं बोलतात?"

"घर मोकळं झालं म्हणतात." छोटूने एक बिस्किट उचलून खाल्लं.

काकांनी आठवडाभर विचार केला. मग कंपनीचं नवं माहितीपत्रक आलं. त्यात एक आकडा ठळक छापला होता: दुसऱ्या इमारतीतल्या अठ्ठेचाळीस घरांपैकी एक्केचाळीस गेली. त्या आकड्याने त्यांना पटवलं. त्यांनी निधीतली जवळजवळ सगळी रक्कम शेअरमध्ये घातली. शेअर तेव्हा शंभराला होता.

त्यानंतर घरांचा बाजार बसला. कर्जं महागली, घेणारे थांबले. काकांचं घर विकेना. तसंच शहरभरच्या म्हाताऱ्यांची घरं विकेनात, म्हणून वसाहतीत ठेवी येईनात, आणि शेअर ऐंशीवरून साठावर, साठावरून एक्केचाळीसवर आला. काकांची समजूत होती की आपण पैसे दोन ठिकाणी ठेवलेत. प्रत्यक्षात दोन्ही गाठोडी एकाच खुंटीला टांगलेली होती, आणि ती खुंटी भिंतीतून सुटत होती.

मधे एक बसचालक आणि त्याची बायको घर बघून गेली होती. ती न दमता जिना चढून आलेली एकमेव माणसं. त्यांनी पाचवा हिस्सा कमी किंमत देऊ केली. तेवढ्या पैशांत वसाहतीची ठेव पुरी होत नव्हती, म्हणून काकांनी नाही म्हटलं. शेअर वर आला की ती तूट भरून निघेल, असं त्यांनी काकूंना सांगितलं. दर सोमवारी, शेअरबाजार उघडला की, सांगत. काकू "बरं" म्हणत. अलीकडे तेही म्हणत नव्हत्या.

वसाहतीने छोट्या भागधारकांसाठी भेटीचा दिवस ठेवला, तेव्हा छोटू काकांना जवळजवळ ओढूनच घेऊन गेला. "स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणजे धीर येईल," तो म्हणाला. सभागृहात मोठ्या पडद्यावर संचालक बोलत होते. बाजार वळणार आहे, मागणी भक्कम आहे, दुसऱ्या इमारतीत आता फक्त पाचच घरं शिल्लक आहेत. छोटूने काकांना कोपर मारलं. काकांना तहान लागली म्हणून ते उठून बाहेर आले.

दुसरी इमारत समोरच होती. बाल्कन्यांमध्ये एकसारख्या कुंड्या, खिडक्यांना एकसारखे फिकट पडदे. तळमजल्यावर जिन्याखाली मीटरची खोली होती आणि तिचं दार नुसतं लोटलेलं होतं. चौतीस वर्षांची सवय. काका आत गेले.

आत अंधार होता. अठ्ठेचाळीस मीटर सहा रांगांत लावलेले. वीज वापरली जात असली की अशा मीटरवरचा तांबडा ठिपका लुकलुकतो. वापर जास्त तर भराभर, कमी तर रेंगाळत. नुसता फ्रिज चालू असला तरी अर्ध्या मिनिटात एकदा तरी लुकलुकतो. म्हणून काका घाईने निष्कर्ष काढत नसत. ते भिंतीला टेकून पाच मिनिटं उभे राहिले आणि मोजत राहिले.

अकरा.

त्यांनी खिशातला टॉर्च काढून आकडे वाचले. त्या अकरा मीटरवर शेकड्यांनी युनिटं होती. उरलेल्या सदतीस मीटरवर कुठे दोन, कुठे तीन. एवढी वीज जोडणीच्या तपासणीतच जाते. तिथे कधी कोणी चहासुद्धा केला नव्हता. सत्तावीस नंबरच्या मीटरसमोर ते जरा जास्त थांबले. दोन युनिटं. ठिपका बंद.

"काका, वाट चुकलात का?" दारात विक्री विभागातली मुलगी उभी होती. टोकन घेतलं होतं ते तिनेच.

"वाट नाही चुकलो. इथे त्रेचाळीस घरं गेलीत ना?"

"हो."

"मग दिवे फक्त अकरा घरांत कसे?"

मुलीने मागे वळून पाहिलं. सभागृहातून टाळ्यांचा आवाज येत होता. "दहा," ती हळूच म्हणाली. "एक दाखवायचं नमुना घर आहे. तिथे दिवसभर एसी चालू ठेवतो."

"आणि बाकीची?"

"टोकन आलेली. टोकन आलं की ते घर गेलं, असं धरतात. त्या माणसांची स्वतःची घरं विकली की ती येतील राहायला." तिने काकांकडे पाहिलं. "तुमच्यासारखीच आहेत सगळी."

काकांनी सावकाश विचारलं, "ते माहितीपत्रक निघालं, एक्केचाळीस घरं गेली म्हणून, त्यात सत्तावीस नंबर होता?"

"होता की. तुम्ही आदल्याच आठवड्यात टोकन भरलं होतंत."

ज्या आकड्यावर विसंबून त्यांनी आयुष्याची पुंजी लावली, त्या आकड्यात ते स्वतःच मोजलेले होते. कुणी फसवलं म्हणावं तर आकडा खोटा नव्हता. एवढंच, की ते ज्यांच्या भरवशावर बसले होते, ती माणसं त्यांच्यासारखीच कुठेतरी चौथ्या नाहीतर दुसऱ्या मजल्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती.

"रागावलात का काका?" मुलगी म्हणाली. "मला तरी कुठे काय मिळतंय? आमचं कमिशन माणूस राहायला आल्यावर. पाच महिने मी नुसत्या कुंड्यांना पाणी घालतेय."

"रागावलो नाही गं," काका म्हणाले. "टोकन परत घेतलं तर किती मिळतं?"

"निम्मं."

"फॉर्म दे."

संध्याकाळी छोटू त्यांच्या मागोमाग जिना चढला तो बोलतच. "भाऊजी, तुम्ही वेड्यासारखं काही करू नका. बाजार तळाला आलाय. आत्ता शेअर विकलेत तर एक्केचाळीस हातात येतील. न विकता थांबलात तर तोटा फक्त कागदावरचा. विकला की तोटा खरा होतो."

काकूंनी खुर्चीतून मान वळवली. "छोटू."

"काय ताई?"

"मी सात महिने इथे बसलेय, ते काय कागदावर बसलेय?"

छोटूने काकांकडे पाहिलं.

"शेअर वर येईल, आणखी वर येईल, असं तुम्ही दोघं सांगताय," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "मला वर नाही जायचं. मला खाली जायचंय. ते वसाहतीतलं बटण, ती नर्स, ते दांडे, ते सगळं तुम्ही ठरवलंत. मी फक्त म्हटलं होतं, जिना नको."

काकांना आठवेना की ती असं कधी म्हणाली होती. मग आठवलं. पहिल्याच दिवशी म्हणाली होती. त्यानंतर पत्रकं आली, आणि तिचं वाक्य त्यांच्या ढिगाखाली गेलं.

"तळमजल्यावर भाड्याचं घर बघू," ते म्हणाले. "दोनच खोल्या मिळतील. शेअरचे जे येतील त्यात तुझ्या खुब्याचं ऑपरेशन होईल. घराचे येतील त्यात भाडं. मोठं काही उरणार नाही."

"आपल्याला कुठे मोठं काही मांडायचंय?"

"भाऊजी, सोमवारपर्यंत तरी थांबा," छोटू म्हणाला, पण आता विनवणीच्या सुरात. त्याचे स्वतःचेही पैसे त्याच शेअरमध्ये होते. काकांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मीटरच्या खोलीतलं सगळं त्याला सांगितलं, आकड्यांसकट. तो ऐकत राहिला. पाणी तसंच राहिलं.

सोमवारी काकांचे शेअर एकोणचाळीसला विकले गेले. त्याच दुपारी काकांनी बसचालकाला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं, बायकोशी बोलतो म्हणाला, आणि तासाभराने स्वतःच फोन केला. "काका, खोटं नाही बोलत. तेव्हा देत होतो तेवढे आता बँक देत नाही. आणखी थोडे कमी करावे लागतील."

"किती?"

त्याने सांगितलं. काकांनी डोळे मिटले. कपाटातल्या वहीत त्यांनी कितीतरी आकडेमोडी करून ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीतही हा आकडा बसत नव्हता.

"महिनाअखेर पैसे देशील?"

"देईन."

"मग तुझं झालं घर," काका म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ हात तसाच फोनवर राहू दिला.

"किती कमी केले?" काकूंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. काकूंनी ओठ दाबून मान हलवली. हळहळ त्यांनाही वाटली, लपवली नाही. या भिंतींना त्यांनी स्वतः रंग दिला होता.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या बाहेरच्या चपला काढा बघू."

काकांनी पलंगाखाली हात घालून खोका ओढला. चपलांचं कातडं वाळून गेलं होतं. पट्टा लावायला गेले तर तो हातातच तुटला.

"दुसऱ्या आणतो. नंबर सांग."

"नंबरावर काय जाताय? पाय सुजलाय केवढा." काकूंनी तुटका पट्टा त्यांच्या हातातून घेतला आणि खोक्यात टाकला. "खाली गेल्यावर दुकानात मीच येईन. घालून बघाव्या लागतील."