ब्रायर खोऱ्याकडची तार

मी एक जुना मनोरा आहे, रेडिओचा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, चारी बाजूंनी तारांनी ताणून धरलेला. पट्ट्यांचा रंग आता उडाला आहे आणि लाल कुठे संपतो नि गंज कुठे सुरू होतो हे मलाही सांगता येत नाही. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मनोऱ्याला कसलं आलंय आयुष्य? उभं राहायचं, झालं. पण मी नुसता उभा नव्हतो. मी बोलत होतो. सगळा टॅनर परगणा माझ्या आवाजावर उठत होता आणि जेवायला बसत होता.

मला तुकड्यातुकड्यांनी मालगाडीतून इथे आणलं. ओढ्याकाठच्या ओलसर कुरणात चिनीमातीच्या जाड बैठकीवर उभं केलं आणि माझ्या पायाशी जमिनीत तांब्याच्या तारा पुरल्या. सूर्याचं चित्र काढताना मुलं जशा चहूकडे रेघा ओढतात, तशा. लोकांना माझी उंची दिसते, त्या तारा दिसत नाहीत. खरं सांगायचं तर माझं निम्मं अंग जमिनीखाली आहे. त्या तारा शाबूत असतील तरच माझा आवाज दूर जातो.

स्टेशनचा मालक ऑरिन स्टॅव्हली. यंत्रं तो सांभाळायचा. बोलायची त्याची बायको, वेल्डा. सकाळी फिडलची आणि बँजोची गाणी, मग कोणाला गाय विकायची आहे, कोणाचा कुत्रा हरवला आहे, आणि बरोबर दुपारी, सगळे जेवायला घरात आले की, गेलेल्यांची नावं. कोण वारलं, कुठल्या चर्चमागे पुरणार, जेवण कोणाकडे. तेव्हा शेतकरी टोपी काढून ठेवत आणि मुलांना गप्प बसवत. वेल्डाच्या तोंडून नाव आल्याशिवाय माणूस खरं गेलं असं इथे कोणी मानत नसे.

सूर्य मावळला की आमचं स्टेशन बंद करावं लागे. सरकारी नियमच तसा होता. अंधार पडला की हवा बदलते, आवाज भलतीकडे भरकटतात, दुसऱ्यांच्या आवाजावर पाय देतात. बंद करताना वेल्डा रोज एकच वाक्य बोलायची, "पायरीवरचा दिवा लावून ठेवा, कोणीतरी अजून वाटेत आहे." मग ऑरिन खटका ओढायचा आणि मी मुका व्हायचो.

तिचा आवाज टेपवर घे असं कितीदा लोकांनी ऑरिनला सुचवलं. ती हसायची. "रोज तर बडबडते मी. साठवून काय लोणचं घालायचंय?" घेतला नाही तो नाहीच.

आम्हाला एक सवत होती. शहरातलं नवं स्टेशन. गाणी आमचीच, पण मनोरा माझ्या कितीतरी पट उंच, आणि आवाज असा स्वच्छ की फिडलवाल्याचा श्वासही ऐकू यावा. त्यांचा माणूस नकाशा घेऊन गावोगाव फिरायचा. त्यांचा आवाज जिथवर पोचतो तो मोठा गोल नकाशावर काढलेला आणि माझा छोटा गोल त्याच्या पोटात. आमचा सगळ्यात मोठा जाहिरातदार रॉय योकम, म्हणजे गुराढोरांच्या खाद्याचा दुकानदार, तो नकाशा बघून म्हणाला होता, "तुमचा गोल झकास आहे हो. पण माझी गिऱ्हाइकं ब्रायर खोऱ्यात राहतात, आणि तिथे तुमचं गाणं लागत नाही. मी काय डोंगराला खाद्य विकू?"

तीच तर आमची जमेची बाजू होती. शहराचा आवाज विजेरीच्या उजेडासारखा सरळ जातो, डोंगर आडवा आला की पलीकडे अंधार. माझा आवाज जमिनीला धरून चालतो, चढतो, उतरतो. ब्रायर खोरं दोन डोंगरांच्या बेचक्यात दडलेलं, आणि तिथे फक्त मी पोचत होतो. वेल्डाही तिथलीच. तिची थोरली बहीण ओना अजून तिथेच राहायची. खोरं होतं म्हणून दुकानदार होते, आणि दुकानदार होते म्हणून आम्ही होतो.

एका शरद ऋतूत वेल्डा आजारी पडली आणि गेली. जाताना म्हणाली, "मला मनोऱ्याच्या पायाशी ठेव. खोऱ्याच्या बाजूला."

इकडची एक रीत आहे. कबर शेजारीपाजारी खणतात. पैसे घेत नाहीत, यंत्र लावत नाहीत, हातांनी खणतात. आणि घरच्या माणसानं तिकडे फिरकायचं नाही. त्यानं कुदळीचा आवाजही ऐकू नये म्हणून बायका त्याला घरात बसवून खाऊपिऊ घालतात. म्हणून ऑरिन घरात मक्याच्या पावाच्या तुकड्याकडे बघत बसला होता, आणि खोऱ्यातले लोक माझ्या पायाशी खणत होते. त्या दिवशी स्टेशन दुखवट्यासाठी बंद होतं. माझ्या अंगात वीज नव्हती.

कुदळ खण्णकन वाजली. जमिनीत एक हिरवी पडलेली तांब्याची पट्टी होती. खोऱ्याकडच्या साऱ्या तारा त्या एकाच पट्टीला जोडलेल्या होत्या. ब्रदर टाल्मेज, खोऱ्यातल्या चर्चचे उपदेशक, वाकून म्हणाले, "कसलं तरी जुनं भंगार दिसतंय. तोडा. आणि ऑरिनला सांगत बसू नका, बिचाऱ्याला आधीच कमी नाही."

माझी बैठक चिनीमातीची आहे, जीभ नाही. कुऱ्हाडीचा घाव पडला आणि माझं एक अंग गार पडलं. मला ओरडताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑरिननं स्टेशन सुरू केलं. आवाज तीन दिशांना गेला. खोऱ्याकडे थोडं अंतर चालला आणि मातीत जिरला. खोऱ्यात रेडिओतून नुसती खरखर. तिथले लोक मानी. विचारायला कोण येतो? ओना शेजारणीला म्हणाली, "वेल्डा गेली, आता आपल्याशी त्याचं काय नातं? तोडलं त्यानं."

आणि इकडे ऑरिन वाट बघत होता. खोऱ्यातून फोन येईना, गाण्याची फर्माईश येईना, गेलेल्यांची नावं येईनात. त्याच हिवाळ्यात शहरवाल्यांनी खोऱ्याच्या डोक्यावरच्या कड्यावर एक छोटा मनोरा बसवला. आता त्यांचा आवाज थेट खोऱ्यात उतरू लागला. ऑरिन पोटमाळ्याच्या खिडकीतून तो नवा लाल दिवा बघायचा आणि पुटपुटायचा, "तिची माती वाळेपर्यंत तरी थांबायचं होतं रे."

योकमही आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "ऑरिन, रागावू नकोस. खोऱ्यात आता तुला कोणी ऐकत नाही म्हणतात."

"म्हणतात नाही, खरंच आहे."

"मग मी तरी काय करू?"

"काही नको करूस. कॉफी पिऊन जा." योकम कॉफी पिऊन गेला, आणि जाहिरातही घेऊन गेला.

वसंतात ऑरिननं ठरवलं. मे अखेरीला इथे सगळेजण कबरी साफ करून फुलं वाहतात. तो दिवस झाला की स्टेशन कायमचं बंद करायचं आणि मला भंगारवाल्याला द्यायचं. भंगारवाला येऊन मला खालून वर बघून गेला. कसाई बोकडाला बघतो ना, तसं. मला भीती वाटली हे मी लपवणार नाही.

तो फुलांचा दिवस उजाडला. बाकीचे लोक चर्चमागच्या कबरींवर गेले. दुपारच्या सुमाराला ओना एकटीच कुरण तुडवत आली. हातात बागेतली फुलं, आणि शेजारच्या स्टेशनच्या खोलीकडे पाठ. ती गवत उपटू लागली. आत ऑरिन माइकसमोर बसून तेच वाचत होता जे कित्येक महिने वाचत होता. आज ब्रायर खोऱ्यातून कोणाचीही खबर नाही.

आणि जमिनीतून आवाज आला.

मित्रांनो, मनोऱ्याजवळ असं कधीकधी होतं. गंजलेलं कुंपण गुणगुणतं, पत्र्याची बादली गाणं म्हणते. वीज सैल, गंजक्या सांध्यातून गेली की तिथून आवाज फुटतो, त्यात भुताखेताचं काही नाही. वेल्डाच्या शवपेटीशेजारी ती तोडलेली पट्टी मातीत उघडी पडली होती, तिच्यातून आवाज यावा हे मला कळतं. पण माझ्यातून जे जातं ते मी ओळखतो. माझ्यातून तेव्हा ऑरिनचा आवाज जात होता. जमिनीतून येत होता तो बाईचा होता.

ओनाच्या हातातलं गवत गळून पडलं. तिनं गुडघे टेकले, डोक्यावरची टोपी काढली आणि कान मातीला लावला. वाचन संपेपर्यंत ती तशीच राहिली. मग उठून सरळ ऑरिनच्या दारात गेली. गालाला माती तशीच होती.

"ऑरिन, ती वाचतेय."

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतोस? थर्मन लेजचं नाव तिनं घेतलं. बर्था स्टार्कीचं घेतलं. मग मॅब्रींच्या बाळाचं."

ऑरिनचा चेहरा उतरला. "थर्मन गेला? कधी?"

"बर्फ पडलं तेव्हा. तू वाचलं नाहीस. बर्थाचंही नाही. त्या कोवळ्या बाळाचंही नाही."

"मला कोणी कळवलंच नाही, ओना. मला कसं ठाऊक असणार?"

"कळवून काय करायचं होतं? तू आमच्यासाठी बंदच केलंस ना. तिला पुरलं त्या दिवसापासून खोऱ्यात नुसती खरखर आहे."

ऑरिन खुर्चीवरून हळूच उठला. "खरखर? तुम्ही शहराचं लावता म्हणून…"

"अरे, तुझं लागेना म्हणून लावतो. घरात कोणीतरी बोललं पाहिजे ना."

ओनानं गालावरची माती पुसली. मग ओना म्हणाली, "मॅब्रींनी बाळाचं नाव कोणालाच सांगितलं नव्हतं. दफनाच्या वेळीही नाही. ते वेल्डा आत्ता म्हणाली. लिडी."

ऑरिननं बाहेर येऊन कबरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, आणि मग खोऱ्याच्या दिशेनं. तो यंत्रांचा माणूस होता. त्याला समजलं.

ब्रदर टाल्मेजना बोलावणं गेलं. त्यांनी पट्टीचं सांगितलं आणि मान खाली घातली. "आम्ही तुझ्या भल्यासाठीच गप्प राहिलो, ऑरिन. पण आता उकरायचं नाही. निजलेल्या माणसाजवळची माती हलवत नाहीत."

"निजलेली असती तर मीच हात लावू दिला नसता, ब्रदर," ओना म्हणाली. "ती कामावर आहे."

ऑरिन तिच्याजवळ गेला. "ओना, एक ऐक. पट्टी नीट जोडली की इथला आवाज थांबेल. मग तुला इथे काही ऐकू येणार नाही."

तिला बहीण परत मिळून पुरती एक दुपारही झाली नव्हती. तिनं पुन्हा एकदा कान मातीला लावला. आत काय ऐकलं ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही. मग उठून पदराला, म्हणजे तिच्या त्या फुलाफुलांच्या एप्रनला, हात पुसत म्हणाली, "मला एकटीला ऐकू यावं म्हणून ती माइकपुढे बसत नव्हती. जोड."

ज्यांनी तोडलं त्यांनीच खणलं. ऑरिननं नवी पट्टी कबरीला वळसा घालून नेली आणि खोऱ्याकडच्या तारा तिला जोडल्या. या खेपेला त्याला कोणी घरात बसवलं नाही. माझ्या गार पडलेल्या अंगात ऊब आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑरिननं थर्मनचं नाव वाचलं, बर्थाचं वाचलं, आणि थोडं थांबून लिडी मॅब्रीचं वाचलं. मी तो आवाज घेऊन डोंगर चढलो, उतरलो, आणि खोऱ्यातल्या घराघरात शिरलो. मॅब्रींच्या घरात एक बाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

आम्ही शहरवाल्यांना हरवलं असं समजू नका. त्यांचा गोल अजून मोठाच आहे, आणि तरुण पोरं संध्याकाळी त्यांचंच लावतात. पण दुपारी खोऱ्यात सगळे रेडिओ माझ्याकडे वळतात. योकमनं अर्धी जाहिरात पुन्हा आमच्याकडे सुरू केली. भंगारवाल्याला ऑरिननं सांगितलं, "अजून नाही."

त्या उन्हाळ्यात एकदा ऑरिन ओनाकडे जेवायला गेला होता. तिथून निघेपर्यंत सांज झाली. त्या दिवशी खटका ओढायला त्यानं योकमच्या मुलीला बसवलं होतं. पाहतो तर सगळ्या खोऱ्यात घराघराच्या पायरीवर एकेक दिवा लागत चाललेला.

"आज काय आहे गं? सगळ्यांनी दिवे लावलेत."

"आज काय असायचं? रोजच लावतो," ओना म्हणाली. "बंद करताना तू तिची टेप लावतोस ना, दिव्याची. बरं करतोस हो."

ऑरिनच्या हातातली टोपी हातातच राहिली. मग तो म्हणाला, "हो. लावतो."

तेव्हापासून ऑरिन संध्याकाळी शेवटचं गाणं संपलं की खुर्चीवरून उठतो. माइक उघडा ठेवतो, खुर्ची थोडी मागे सरकवतो, आणि दाराबाहेर जाऊन उभा राहतो. मग आत येऊन खटका ओढतो. त्या वेळात माझ्यातून काहीही जात नाही, याची मी ग्वाही देतो. फक्त खोऱ्याकडची तार तेवढी गरम होते.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझे पट्टे रंगवा, गंज घासा असा हट्ट मी धरत नाही. पण कधी कोणाचा आवाज यायचा थांबला, तर ते माणूस दुसरीकडे गेलं असं लगेच समजू नका. आधी त्याच्या दारात जाऊन विचारा. आणि पायरीवरचा दिवा तेवढा लावून ठेवा. कोणीतरी अजून वाटेत आहे.