पुकारा

माघातलं कोवळं ऊन सीनेच्या पात्रातून वर आलं. हुरड्याला आलेल्या शाळूवरून, काळ्याभोर रानावरून, करडईच्या केशरी फुलांवरून सावकाश चालत ते गव्हाणवाडीच्या चावडीपाशी येऊन थांबलं. चुन्यानं शुभ्र झालेली, नव्या तिरंग्यानं मिरवणारी ती चावडी. तिच्या तीन पायऱ्या मात्र जुन्याच होत्या.

दूर दिल्लीत राज्य उभं राहिलं होतं. कायदे लिहून झाले, सह्या झाल्या, तोफा झडल्या. पण राज्य असं एका दिवसात उभं राहत नाही. ते गावागावांत, चावडीचावडीवर, एकेका माणसाच्या पायात बळ येईल तसतसं उभं राहतं. आज गव्हाणवाडीची पाळी होती. नव्या ग्रामपंचायतीची पहिली सभा भरायची होती.

सभेची दवंडी दिली ती सटवानं. दुसरं कोण देणार? गावाच्या वेशीची राखण त्याच्या घराकडे आज्यापणज्यापासून चालत आलेली, आणि वेसकराची घुंगुरकाठी हातात आली ती बापाच्या हातातून सुटली तेव्हा. काठी वाजली की गाव जागं व्हायचं. काठी वाजली की लोक सारा भरायला निघायचे. गंमत अशी, की ज्या पंचायतीची दवंडी तो देत होता, तिचा एक मेंबर तो स्वतःच होता. राखीव जागेवर, भर सभेत हात वर करून, त्याच्या खालच्या वस्तीनं त्याला निवडून दिलं होतं. आळीआळीतून ओरडत जाताना त्याचं त्यालाच हसू येत होतं.

पण सकाळपासून हसण्यासारखं एवढंच होतं. सरकारनं गावाला एक विहीर मंजूर केली होती, एकच. ती कुठं खणायची ते आज ठरणार होतं. वरच्या आळीला दोन विहिरी होत्याच. खालच्या वस्तीच्या बाया मात्र नदीच्या वाळूत झिरे उकरायच्या, ओंजळीनं घागरी भरायच्या. भाकरी हातावर ठेवताना त्याची बायको राही एवढंच म्हणाली होती, "वर जाऊन बसा. खालनं हात जोडलं तर हीर त्यांच्याच दारात जाईल."

वर जाऊन बसा. सांगायला किती सोपं! चावडीच्या पहिल्या पायरीपाशी सटवाचे पाय आपोआप थांबले. इथंच बाप उभा राहायचा, उन्हात, पावसात, मुजऱ्यासाठी वाकलेला. त्याच्या टाचांनी इथली माती खोलगट झाली होती, आणि सटवाचे पाय त्या खोलगट जागेत बरोब्बर बसले. त्याला स्वतःचाच राग आला. निवडून आलेला माणूस आणि पायांना अजून बातमीच नाही!

वर जाजम अंथरलं होतं. मामलेदार कचेरीतून आलेले कारकून चष्मा सावरून एकेकाचं नाव वाचत होते. सगळे 'हजर' म्हणाले. एक नाव उरलं.

"सटवाजी हैबती ढावरे? आले नाहीत का?"

ते भारदस्त नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही आलंच नाही. गावाला ठाऊक होता तो 'सटव्या'. पाटलांना मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांनी पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली आणि थंडपणे म्हणाले, "दिसत नाहीत बुवा. थांबून काय करायचं? विहिरीचं उरकून घेऊ."

मग खाली पाहून त्यांनी मिशीत हसत फर्मावलं, "सटव्या, बघतोस काय? मेंबर बोलावून आण. हाक दे!"

जाजमावर खसखस पिकली. सटवाच्या कानशिलांतून रक्त सळसळलं. त्यानं काठी मुठीत आवळली, घुंगरं बारीक वाजली. चावडीसमोरच्या लिंबाखाली वस्तीच्या बाया उभ्या होत्या. राही होती, तिच्या कडेवर रिकामी घागर होती.

हाक दे म्हणाले. ठीक. हाकेत तर त्याचा जन्म गेला होता.

तो चावडीकडे पाठ करून उभा राहिला. छाती भरून घेतली. काठी जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा, तीनदा. आणि गावाच्या चारी दिशांना, वेशीपर्यंत, नदीपर्यंत, शाळूच्या रानापर्यंत जाईल असा त्यानं पुकारा केला:

"ऐका हो ऽऽ ऐका! सटवाजी हैबती ढावरे! पंचायतीचं मेंबर! सभा भरलीया, चावडीवर या ऽऽ!"

आवाज नदीपलीकडच्या टेकडीवर आदळला आणि परत आला. हैबती ढावरे. बापाचं नाव अख्ख्या गावात असं मानानं कधी घुमलं नव्हतं. सटवाचे डोळे भरून आले. ते त्यानं पुसले नाहीत.

मग तो वळला.

"आलो!" त्यानं स्वतःच ओ दिली.

काठी पायरीला टेकवून ठेवली. बापाच्या टाचांची जागा सोडली. पहिली पायरी. दुसरी पायरी. तिसरी पायरी. तो वर आला. जाजमावरचं हसू केव्हाच विरलं होतं. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सरकून जागा दिली. पाटलांचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला.

सटवाजी मांडी घालून बसला. "हजर हाय म्हून लिवा, साहेब," तो म्हणाला. "आन् आता हिरीचं काढा. माझ्या वस्तीचं मला बोलायचंय."

लिंबाखाली राहीनं घागर कडेवरून खाली ठेवली आणि ऐकायला पुढं आली.

खाली, पायरीपाशी, घुंगुरकाठी एकटी उभी होती. सीनेवरून वारा आला. घुंगरं हलली, किणकिणली, निमाली. कुणी काठी उचलली नाही. आणि माघातलं ते कोवळं ऊन पहिली पायरी चढलं, दुसरी चढलं, तिसरी चढलं, आणि जाजमावर जाऊन बसलं.