डाळीच्या डब्यातला फोन

"सांडूभाऊ तुम्हीच का?" सुरेखानं बांधावरूनच हाक मारली.

ठिबकची नळी तोंडाला लावून फुंकत बसलेल्या माणसानं मान वर केली. तिच्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग दिसली आणि त्याचा चेहराच उतरला.

"कोडासाठी आल्या? पार धावड्याला?"

"किती मेल केले, एकाचं उत्तर न्हाई. मंग काय करू?"

बिचारी करणार तरी काय! जालन्यातली तिची छोटी कंपनी आडत्यांसाठी एक प्रोग्राम बनवत होती. काट्यावरचं वजन थेट पावतीवर उतरायचं. पण वजन वाचणारा भाग कंपनीचा नव्हताच. तो या सांडूनं पुण्यात नोकरीला असताना लिहून जगाला फुकट वाटलेला. कॉम्प्युटरवर तो बिनबोभाट चाले. फोनवर चालेल असा बनवायला घेतला की गाडी अडलीच. मालक अप्पारावांनी बजावलं होतं, फोनवर चालल्याशिवाय तुला नोकरीतून सोडणार न्हाई. आणि तिला पुण्याला मिळालेली नवी नोकरी काही सोमवारच्या पुढं थांबणार नव्हती.

दुरुस्ती तिनं केव्हाच करून पाठवली होती. सांडूनं ती आपल्या मूळ कोडात घेतली की सुरेखा सुटली. अप्पाराव म्हणत होते, आपली वेगळी प्रत काढ. पण सुरेखा वेडी नव्हती. वेगळी प्रत काढली की ती जन्मभर आपणच सांभाळायची. पुण्याला गेलं तरी अप्पारावांचा फोन पाठ सोडायचा नाही. परक्याचं लेकरू एकदा कडेवर घेतलं की उतरायला मागत नाही.

"मी सोडलं ते, ताई," सांडू म्हणाला. "वळख ना पाळख, जगभरातून लोकं मागं लागतेत. याच्या मशीनवर चालंना, त्याच्या फोनवर चालंना. जल्दी करा म्हणतेत, वरून शिव्या. लष्कराच्या भाकऱ्या भाजून हात पोळले माझे."

त्याची बायको इंद्रायणी चहा घेऊन आली.

"फोन डाळीच्या डब्यात घालून ठेवलाय मीच," ती म्हणाली. "सारखा गुरगुरतो मेला."

"माझी नवी नोकरी जाईल हो," सुरेखा म्हणाली आणि तिला एकदम रडूच फुटलं. "एवढी एक दुरुस्ती घ्या. परत तोंड दाखवणार न्हाई."

सांडू बराच वेळ नळीची भोकं चाचपत राहिला. मग त्यानं हात पँटीला पुसले आणि तिचा लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"एकाची घेतली की उद्या दुसरा दारात. त्यापरीस सगळंच तुमच्या नावावर करतो. मंग तुमची दुरुस्ती तुम्हीच घ्या."

"माझ्या? अहो, मला नको ते."

"मंग ऱ्हाऊ द्या." त्यानं झाकण मिटायला घेतलं.

सुरेखानं ते मधेच धरलं. भोकरदनची बस यायची वेळ झाली होती.

"करा," ती म्हणाली.

सांडूनं भराभर बटणं दाबली. कोड आता सुरेखाताई सांभाळतील, काही अडलं तर त्यांनाच विचारा, असं जगाला कळवूनही टाकलं. सुरेखानं आपली दुरुस्ती घेतली आणि तयार प्रोग्राम अप्पारावांना धाडला. झालं! इंद्रायणीनं डब्यातून फोन काढला, फुंकर मारून डाळीची फोलं उडवली. सांडूनं तो कानाशी धरून पाहिला. चिडीचूप. माणूस लग्नातल्यासारखा हसला.

"रिकाम्या हातानं जाऊ नका," म्हणत इंद्रायणीनं डाळ डब्यासकट सुरेखाच्या हातात दिली. "डबा ठेवा तुमच्याकडंच. आमाला आता काय करायचा?"

बस गाव सोडून निघाली तसा सुरेखाचा फोन वाजला. अप्पारावांचा निरोप होता: 'फोनवर बराबर चालतंय. आजपासून तू मोकळी.'

तिनं डोळे मिटून सीटला डोकं टेकवलं. तोच फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा. कुठल्या कुठल्या देशांतली नावं, एकही ओळखीचं नाही. याचं चालत नव्हतं, त्याचं अडलं होतं, एकानं तर आल्या आल्या शिवीच घातली होती.

शेजारची बाई वैतागून पाहायला लागली. सुरेखानं मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं.