सारजासाठी घेतलेली उंच एकचाकी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण मला चाक एकच. हँडल नाही, घंटी नाही, मागे सामान बांधायला कॅरियर नाही. पिंपळीतल्या एका गोठ्याच्या भिंतीला मी टेकून उभी आहे. माझ्या बैठकीचे चामडे उंदरांनी कुरतडले, रंगाचे पोपडे गेले. लहान मुले मला पाहून विचारतात, ‘हिचं दुसरं चाक कुणी नेलं?’ कुणीही नेले नाही. मी जन्मालाच अशी आले.

माझा जन्म एका सर्कशीच्या तंबूमागे झाला. तिथल्या मिस्त्रीने मोडक्या सायकलींच्या नळ्या जोडून मला घडवले. चाक तळाला, पायडल खूप वर, मधे लांब साखळी आणि सगळ्यात वर चामड्याची बैठक. उभ्या माणसाच्या छातीला ती लागत असे. मला लालभडक रंग दिला, वर पांढरे पट्टे ओढले. माझ्यावर बसणारा कसरतपटू शिडीवरून चढायचा आणि दिव्यांच्या उजेडात रिंगणात फिरायचा. लोक माना वर करून बघायचे. त्या टाळ्या मला आपल्याच वाटायच्या.

पुढे ती सर्कस मोडली. सामान मिळेल ते ज्याने त्याने नेले. आम्ही दोघी एकचाक्या बारामतीला मोहनरावांच्या सायकलच्या दुकानात येऊन पडलो. दुसरी माझ्याहून पुष्कळ ठेंगणी. तिला साखळी नव्हती, पायडल चाकालाच होते. टायर जाड, बैठक खाली-वर करता येणारी. रंग मात्र उडालेला, नुसती काळपट नळी. सर्कशीत नवशिक्यांना आधी तिच्यावरच बसवत. पण दुकानाच्या दारात लोक थांबायचे ते मला बघायला.

त्याच सुमारास, एकोणीसशे चौपन्न-पंचावन्न साली, सारजा माझ्या आयुष्यात आली.

सारजा पिंपळीची. कालव्याच्या पाण्यावर तिच्या माहेरची वांगी, गवार, पेरू पिकायचे. लग्न होऊन काही वर्षे झाली तरी मूलबाळ नाही, म्हणून नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले ते सोडलेच, पुढे काडीमोडही घेतला. घरात आई रंगूबाई आणि पाठचा भाऊ गेणू. गेणूचा आपल्या बहिणीवर फार जीव. त्याची दोनचाकी सायकल सारजा काष्टा घट्ट मारून चालवायची. डोक्यावर वांग्यांची पाटी आणि दोन्ही हात मोकळे, अशी ती कालव्याच्या वाटेने बारामतीच्या बाजाराला जायची. गाव तोंडाला पदर लावून हसायचे. चुलते रामहरीतात्या म्हणायचे, “टाकलेल्या बाईनं असा तमाशा करत हिंडू न्हाय.”

पण बारामतीला दुसरी एक सर्कस उतरली होती. तिच्यातल्या सिंधुबाई या सायकलवालीने सारजाला बाजाराच्या वाटेवर पाहिले. तिने सारजाला थांबवले.

“पोरी, तुझा तोल देवानं दिलाय. एका चाकावर चालायला शिक. थोडी कसरत आली तरी पुरं. दिवाळीनंतर आमचा तंबू इंदापूरला पडंल, तवा ये. मी मॅनेजरला सांगते. हितं तुला कुणी टाकलेली म्हणणार न्हाय.”

त्या शब्दांनी सारजाच्या चेहऱ्यावर उजेड आला, असे रंगूबाई नंतर पुष्कळदा सांगायची.

बहीण-भाऊ मोहनरावांच्या दुकानात आले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. सारजा सरळ ठेंगणीकडे गेली. तिने बैठक धरून पाहिली, पाय टाकला, आणि भिंतीला हात टेकून बसली. तोल गेला तशी तिची पावले अलगद जमिनीला लागली. ती हसली, पुन्हा बसली.

गेणू मात्र माझ्यासमोर उभा होता.

“अक्का, ही बघ! कशी ऐटबाज हाय! हिच्यावर बसलीस की समद्या इंदापूरनं मान वर करून तुला बघावं.”

मोहनराव म्हणाले, “शिकायला धाकटीच बरी, गेणबा.”

“धाकटी पोरांच्या खेळायची. माझ्या बहिणीला लोकांनी लई खाली बघायला लावलंय. आता ती वरच बसंल.” मग बहिणीकडे वळून त्याने विचारले, “आवडली न्हवं?”

सारजाचा हात अजून ठेंगणीच्या बैठकीवर होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा भावाच्या फुललेल्या तोंडाकडे. कुणी इतक्या हौसेने तिच्यासाठी काही घ्यावे, असे बऱ्याच वर्षांत घडले नव्हते. तिने ठेंगणीवरचा हात काढला.

“तू म्हणशील ती,” ती म्हणाली.

मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

पिंपळीत घरामागच्या परड्यात लिंबाच्या दोन झाडांमधे गेणूने आडवा दोर बांधला. सारजा बैलगाडीवर उभी राहून माझ्यावर चढायची. गेणू मला घट्ट धरायचा. त्याने हात सैल केला की मी क्षणभर उभी राहायचे आणि दोर सोडताच सारजा खाली आपटायची. ठेंगणीवरून पडणारीचे पाय जमिनीला लागतात. माझ्यावरून पडणारी छातीइतक्या उंचीवरून पडते. कधी कोपर फुटले, कधी गुडघा सोलला, कधी घोटा सुजला. रंगूबाई हळदीचा लेप लावायची.

लहान पडण्यातून माणूस शिकतो, मोठ्या पडण्यातून माणूस भितो. सारजाचे तसेच झाले. जी बाई डोक्यावर पाटी घेऊन हात सोडून सायकल हाकायची, तिचे पाय माझ्या पायडलवर ठेवताच थरथरू लागले. तरी ती रोज चढायची, आणि गेणू रोज उमेदीने म्हणायचा, “आज जमंल, अक्का.”

एकदा रंगूबाईने लेकीला हळूच विचारले, “तुला ती धाकटी पायजे हुती न्हवं? सांग की त्याला.”

“नगं आई. लई हौसेनं आणलीय त्यानं. मोडायचं न्हाय त्याचं मन.”

पावसाळा सरला, दिवाळी झाली. रामहरीतात्यांनी कोऱ्हाळे बुद्रुकचे एक स्थळ आणून ठेवले होते. कुंडलिकराव, बायको गेलेला माणूस, पदरात मुले. “घर राखायला बाई पायजे त्याला,” तात्या म्हणाले. “सर्कस-बिर्कस झाली की मग बोलू, असं किती दीस?” रंगूबाईने इंदापूरचा तंबू पडेपर्यंत मुदत मागून घेतली.

तंबू पडला. गेणूने मला पुसून, साखळीला तेल घालून गाडीत ठेवले. सारजाने धुवट लुगडे नेसले.

दुपारची वेळ होती. रिकाम्या रिंगणात सिंधुबाई आणि मॅनेजर उभे होते. मला पाहताच सिंधुबाईने कपाळाला हात लावला.

“अगं, हिच्यावर शिकलीस? हिच्यावर तर आमच्यातली जाणती माणसं बसत्यात!”

सारजाने पदर खोचला. गेणूने मला धरले, ती चढली. रिंगणात पसरलेल्या भुशात पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. मॅनेजरने घड्याळाकडे पाहिले.

तेव्हा सिंधुबाई तंबूच्या मागून एक एकचाकी घेऊन आली. ठेंगणी, जाड टायरची. तिने बैठक सारजाच्या मापाला बसवली आणि तिचा हात धरला.

“बस. भिऊ नगंस. पडलीस तर पायावर पडशील.”

सारजा बसली. पहिल्यांदा डगमगली, पाय जमिनीला लागले. पुन्हा बसली. सिंधुबाईने हात सोडला आणि सारजा चालू लागली. वेडीवाकडी, हात पसरून, पण चालू लागली. रिंगणाच्या अर्ध्यापर्यंत ती एकटी गेली. आणि तिला हसू फुटले, मोठे, मोकळे हसू. मी भुशात आडवी पडून ते पाहत होते. इतके महिने ती माझ्यापाशी होती, पण तिला असे हसताना मी तोवर पाहिले नव्हते.

ती उतरली तेव्हा गेणूचे डोळे भरले होते.

“अक्का, तवाच का न्हाय बोललीस?”

“तू इचारलं हुतंस ते आवडली का म्हून,” ती म्हणाली. “पायजे का म्हून न्हाय इचारलंस.”

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “बाई, तोल चांगला आहे तुमचा. पण आज मी अर्ध्या रिंगणावर कुणाला ठेवू शकत नाही. शिकून या. पुढच्या हंगामात बघू.”

गेणू दुसऱ्याच दिवशी बारामतीला धावला. पण ठेंगणी गेली होती. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या कुणा साहेबांनी मुलांना खेळायला नेली होती. आणि पुढचा हंगाम थांबून बघायला तात्या तयार नव्हते. माघात सारजाची गाठ कुंडलिकरावांशी बांधली गेली. निघताना ती सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याजवळून गेली, पण थांबली नाही.

कोऱ्हाळ्यात ती कधी सायकलवर बसली नाही. एकदा पंचमीला माहेरी आली तेव्हा गेणूने आपली दोनचाकी तिच्यापुढे केली. “बाजाराला जाऊन येतीस का, पूर्वीवानी?” ती म्हणाली, “नगं रे, आता पाय कापत्यात.” सर्कस त्या बाजूला पुन्हा आली की नाही, कोण जाणे. विचारायला कुणी गेले नाही.

गेणूने मला विकले नाही, वापरलेही नाही. माझी साखळी गंजून जड झाली आहे. चाक आता फिरत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना काय हवे ते सांगता येत नाही, आम्हाला निवडतील तिथे आम्ही जातो. माणसांना ते सांगता येते, पण कित्येकदा मायेपोटी तीही गप्प बसतात. म्हणून आपल्या माणसासाठी काही घ्याल तेव्हा आधी त्याला त्यावर बसवून बघा. पडला तर पाय जमिनीला लागतात का, ते बघा. आणि तो गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याला होकार समजू नका. थांबा, आणि पुन्हा विचारा.