बोडीटोल्याची पेटी

निवडणूक लागली की नानाजी आमदार सगळ्या मतदारसंघात जीप उडवत फिरायचे. बोडीटोल्यात मात्र ते एकदाच यायचे, मतदानाच्या आदल्या दिवशी, आणि आले की सरळ तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जायचे. या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत भाषण ठोकून उपयोग नव्हता. इथं पाणी उचललं जायचं. वस्तीतला जाणता माणूस गुडघाभर पाण्यात उतरायचा, तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन वर धरायचा आणि साऱ्यांच्या वतीनं शब्द द्यायचा. पाणी उचलून दिलेला शब्द फिरवला तर जाळ्यात मासोळी येत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

त्यामुळे मोजणीत बोडीटोल्याची पेटी फुटली की सगळे शिक्के एकाच चिन्हावर. शेजारच्या गावची बौद्ध वस्ती दर वेळी नानाजींच्या विरोधात जायची, बाजारपेठेतली मतं हवा बघून फिरायची, धानवाले शेतकरी आपला माणूस उभा असेल तिकडे झुकायचे. नानाजी सगळीकडे काठावर असायचे आणि बोडीटोला त्यांना काठावरून उचलून वर आणायचा. "ती पेटी माझ्या खिशात आहे," असं ते चारचौघांत सांगायचे. मिजास म्हणतात ती हीच!

बोडीटोल्यातल्या गोकुळाला या माणसाची आमदारकी घालवायची होती. आधी त्याच्या अंगात किडे पडावेत म्हणून तिनं देवीला नवस बोलून पाहिला. किडे पडले नाहीत, उलट गडी चांगला गरगरीत झाला. तेव्हा देवीचा नाद सोडून तिनं निवडणुकीची वाट बघायला सुरुवात केली.

झालं होतं ते असं. ऐंशी सालची निवडणूक जिंकल्यावर नानाजींनी तलावातल्या मासेमारीचा ठेका ढिवरांच्या संस्थेकडून काढून आपल्या मेहुण्याच्या घशात घातला. ज्यांच्या मतांवर निवडून आला, त्यांच्याच तोंडचा घास पळवला. गोकुळाचा नवरा इस्तारी एका सकाळी बाप-आजा टाकत आले तिथंच जाळं टाकायला गेला, तर मेहुण्याच्या माणसांनी त्याला धरलं. त्याचंच जाळं त्याच्या गळ्यात अडकवून आरमोरीच्या भर बाजारातून चोर म्हणून फिरवलं. चहाच्या दुकानात नानाजी बसले होते. इस्तारीनं हात जोडले, "साहेब, मी चोर नाई, तुमी सांगा याइले," म्हणून रडला. नानाजींनी बशीतला चहा संपवला आणि हसून म्हणाले, "फडफडू द्या. थोड्या वेळानं गप होते."

इस्तारी खरंच गप झाला. घरी आला तो कोणाशी बोलेना, जेवेना, तलावाकडे फिरकेना. वर्ष उलटायच्या आत मेला. वैद्यानं ताप सांगितला. गोकुळाला ठाऊक होतं की तिच्या नवऱ्याला त्या हसण्यानं मारलं.

पंचाऐंशीची निवडणूक आली तेव्हा विरोधात आरमोरीचा एक वकील शिडी चिन्हावर उभा होता. गोकुळानं बायकांना केव्हाच वळवलं होतं. पुरुष बापूजींच्या शब्दावर चालायचे, आणि अडचण होती ती बापूजींचीच. बापूजी तिचे चुलत सासरे आणि वस्तीतले जाणते. पाणी तेच उचलायचे. नानाजींवर त्यांचाही राग कमी नव्हता, पण त्यांच्या पुढे पेच होता. पाणी उचलायला नकार द्यावा तर नानाजी सावध होणार, आणि उचलावं तर शब्द पाळावा लागणार.

"मी आजवर फिरलो नाई, पोरी," बापूजी म्हणाले. "पानी उचलून फिरलो तं सारी वस्ती उपाशी मरन."

गोकुळा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "मामाजी, तलाव कोणाचा होय आता?"

"ठेकेदाराचा."

"आपण जाळं टाकलं तं?"

"चोरी होते."

"मंग पानी कोणाचं? त्याच्या पान्यावर घेतलेला शब्द आपल्याले काऊन बांधन? त्यानं पान्यासंगं आपला शब्दही इकून टाकला, मामाजी."

बापूजींनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, "पाप लागलं तं?"

"माह्या नावानं लागू द्या."

मतदानाच्या आदल्या दिवशी नानाजी आले. बापूजी पाण्यात उतरले, ओंजळ वर धरली, शब्द दिला. सगळी वस्ती पाळीवर मान खाली घालून उभी होती. नानाजींना ती नम्रता वाटली. त्यांनी इथल्या आपल्या पोरांना जीपमध्ये घातलं आणि डळमळीत गावांकडे धाडून दिलं. बोडीटोल्याची त्यांना काय काळजी?

मतदानाला बायका सकाळीच रांगेत लागल्या. गोकुळानं पुठ्ठ्याच्या आडोशाला शिडीवर शिक्का असा दाबला की कागद फाटायचाच बाकी राहिला.

मोजणीच्या दिवशी ती बापूजींना घेऊन तालुक्याला गेली. दिवसभर नानाजी थोडे पुढे होते. ढोलवाले बोलावून ठेवले होते, गुलाल आला होता. बोडीटोल्याची पेटी फुटली आणि आतून नानाजींचा एजंट बाहेर आला तो भूत बघितल्यासारखा. सगळी मतं शिडीला गेली होती. बौद्ध वस्ती तर विरोधात जाणारच होती, पण या पेटीनं नानाजींना बुडवलं. गुलाल वकिलाच्या माणसांनी उचलला.

नानाजी बाहेर आले तेव्हा गोकुळा जीपला आडवी उभी होती. तिच्या अंगात सुखाच्या लहरी उठत होत्या. असं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं. या घडीसाठी तिनं शिव्यांची रास रचून ठेवली होती.

नानाजींनी बापूजींना बघितलं आणि ते ओरडले, "पाणी उचललं होतं ना तुम्ही!"

बापूजींनी मान फिरवली. पुढे झाली ती गोकुळा. "मी इस्तारीची बायको, साहेब."

नानाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण इस्तारी?"

गोकुळानं सगळं धरून ठेवलं होतं, चहाची बशी, ते हसणं, तो शब्द न् शब्द. आणि या माणसाच्या डोक्यात त्यातलं काहीच नव्हतं. ढोंगही नव्हतं ते, त्याला खरंच आठवत नव्हतं. एका माणसाचा जीव घेऊन हा चहा विसरावा तसं विसरून गेला होता. तिच्या रचून ठेवलेल्या शिव्या जागच्या जागी राहिल्या. मग राग पुन्हा वर आला, पहिल्याहून मोठा आणि एकदम थंड.

"नाई आठवत?" ती म्हणाली. "आठवन. आता पाच वर्षं तुमाले कोणतंच काम नाई. घरी बसा अन् आठवत राहा."